न उघडलेली पोती

शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी छपराच्या पन्हळीतला ओला पाचोळा मुठी-मुठीने खाली फेकत होते. आठवडाभर पाऊस पडून गेला होता. पानं कुजून काळी झाली होती आणि त्यांना चहाच्या शिळ्या चोथ्यासारखा वास येत होता. खाली कुणी असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. रविवारी सकाळी आमच्याकडे येणार कोण?

"ओ... ओ... थांबा जरा!"

मी खाली वाकून पाहिलं. फाटकाच्या आत एक तरुण उभा होता. टोपीवर, खांद्यावर आणि डाव्या कानावर माझा पाचोळा घेऊन. कानावरचं पान त्याने अलगद सोडवलं, उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "ओक. छान. ह्याच्यासाठीच आलो होतो."

"पानासाठी?"

"पानांसाठी. पण अशी डोक्यावर आणून देतील असं वाटलं नव्हतं."

मला हसू आवरेना. शिडीवर हसू नये. मी दोन पायऱ्या घसरले, त्याने शिडी धरली, आणि क्षणभर त्याचं वर बघणारं तोंड माझ्या बुटांच्या अगदी जवळ आलं. भुवयांत माती होती. डोळे राखाडी, पावसाआधीच्या आभाळासारखे...

"मी लॉकी," तो म्हणाला. "लॉकी मॅकबीन. खाली दरीत मिस्टर झ्वार यांची नर्सरी आहे ना, तिथे कामाला लागलोय."

"मी थिया. आणि तो व्हरांड्यात बसून आपल्यावर हसतोय तो माणूस म्हणजे माझे बाबा."

"मी हसत नाहीये," बाबा म्हणाले. "मला खोकला झालाय."

लॉकीचं काम असं होतं. मिस्टर झ्वार अझेलिया नावाच्या फुलझाडाची रोपं वाढवायचे. त्या रोपांच्या नाजूक मुळांवर पानांचा बारीक चुरा अंथरावा लागतो, म्हणजे माती गार राहते आणि आंबटपणा टिकतो. त्यासाठी दर शरद ऋतूत शेकडो पोती पानं लागत. आमच्या डोंगरातल्या प्रत्येक बागेत एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या पानगळीत, घोट्यापर्यंत पानं साचतात आणि लोक ती कुठे टाकू, कुठे नको करतात. लॉकी रिकामी पोती घरोघर देऊन जाई आणि पुढच्या रविवारी भरलेली घेऊन जाई.

"ओक चालेल, एल्म चालेल," तो बोटांवर मोजत सांगू लागला. "मेपल तर फारच छान. निलगिरी नको, ती वर्षभर तशीच पडून राहते. आणि मुख्य म्हणजे—"

"अक्रोड नको," मी म्हणाले. "मूठभरसुद्धा नको. त्या पानांत आणि फळांच्या सालींत कडू रस असतो. अझेलियाची मुळं करपतात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. कुणी आपल्याकडे असं बघितलं की पायात बूट आहेत की नाहीत हेही आठवत नाही.

"कुणी शिकवलं?"

"आमच्या मागच्या कोपऱ्यात अक्रोडाचं झाड आहे. बाबांनी तीनदा त्याच्याजवळ टोमॅटो लावले. तिन्ही वेळा मेले."

"चार वेळा," व्हरांड्यातून आवाज आला.

लॉकी पाच पोती ठेवून गेला. त्याची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली ती जुनी हिरवी गाडी, वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी मी दाताळं हातात धरून उभीच होते.

"थी," बाबा म्हणाले, "पानं खाली आहेत. रस्त्यावर नाहीत."

पुढच्या रविवारची मी जी तयारी केली, ती सांगताना आजही हसू येतं. ओकची पानं वेगळ्या पोत्यात, मेपलची वेगळ्या. काड्या वेचून काढल्या. ओली पानं आदल्या दिवशी व्हरांड्यात पसरून वाळवली. पोत्यांची तोंडं सुतळीने बांधली, आणि प्रत्येक गाठीत एक लाल मेपलचं पान खोचलं. पाच पोती फाटकापाशी अशी ओळीत उभी केली की जणू शाळेची प्रार्थनाच सुरू होणार आहे.

लॉकी आला. पोती पाहिली. "वा, थिया," म्हणाला. पाचही पोती उचलून गाडीत टाकली, रिकामी ठेवली, टोपीला हात लावला... आणि निघाला.

चार मिनिटं. आठवडाभराच्या मेहनतीची चार मिनिटं!

निघाला, पण गेला नाही. गाडी पुढच्याच फाटकापाशी थांबली. तिथे टॅम्सिन राहत होती.

टॅम्सिनबद्दल सांगायला हवं. ती जानेवारीत पार उत्तर टोकाच्या डार्विनहून आली होती. बाजारातल्या बेकरीत काम करायची आणि आमच्या शेजारचं छोटं घर तिने भाड्याने घेतलं होतं. डार्विन म्हणजे बारा महिने उकाडा. पानगळ तिने जन्मात पाहिली नव्हती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती कुंपणावरून मला विचारत होती, "थिया, घरमालकाला फोन करू का गं? सगळी झाडं मरतायत."

उन्हाने रापलेली, थंडीतही अनवाणी, नाकावर पिठाचा पांढरा ठिपका. हसली की शेजारपाजारची कुत्री भुंकायला लागायची, इतकं मोठ्याने. आणि काय सांगू, मला ती आवडायची. तोपर्यंत आवडायची.

लॉकीने तिचं पहिलं पोतं उघडलं. आतून निलगिरीची सालं निघाली, कपड्यांचे चिमटे निघाले, एक चप्पल निघाली.

"ही माझीच!" टॅम्सिन ओरडली. "तीन दिवस शोधतेय!"

"आणि हे?"

"ते... सॅंडविच असावं."

"असावं?"

मग पोत्यातून एक भला मोठा सरडा निवांत चालत बाहेर आला, आणि दोघं लॉनवर बसून पोट धरून हसायला लागली. लॉकीने तिची सगळी पोती लॉनवर उपडी केली आणि पानं निवडायला शिकवत बसला. हे एल्म, हे मेपल, हे नको, हे चालेल. तासभर. कुंपणाच्या अलीकडे मी रिकाम्या लॉनवर दाताळं ओढत होते.

"थी," बाबा व्हरांड्यातून म्हणाले, "पानं संपली गं. आता तू लॉनची साल काढतेयस."

त्यापुढचे दोन रविवार तसेच गेले. मी पोती अधिकाधिक स्वच्छ भरत होते आणि लॉकी अधिकाधिक लवकर निघत होता. त्याला थांबायला कारणच उरू नये असं काम मी माझ्या हातांनी करत होते, आणि ते मलाच कळत नव्हतं! मला एवढंच दिसायचं की तिच्या पोत्यात तो कोपरापर्यंत हात घालतो, एकेक पान बघतो. माझी पोती म्हणजे गाडीत फेकायचं सामान. त्याने एकदाही, एकदाही माझी गाठ सोडून आत पाहिलं नव्हतं. गाठीतली लाल पानं तशीच वाऱ्यावर फडफडत जायची.

एकदाच काय ते वेगळं घडलं. तिसऱ्या रविवारी भुरभुर पाऊस आला आणि लॉकी आमच्या व्हरांड्यात आडोशाला उभा राहिला. मी चहा आणला. बाबांना अचानक आत काहीतरी शोधायचं आठवलं.

"तू शाळेत असतेस ना?" त्याने विचारलं.

"हो. छोट्यांच्या वर्गाला शिकवते. पाच-सहा वर्षांची पोरं."

"म्हणून गाठी अशा बांधतेस. बुटांच्या नाडीसारख्या."

म्हणजे गाठी त्याने पाहिल्या होत्या!

"तुझ्या केसांत पान आहे," तो हळूच म्हणाला.

"ह्या दिवसांत सगळ्यांच्याच केसांत असतं."

"काढू?"

मी मान जराशी कलती केली. त्याने हात पुढे केला. हाताला ओल्या मातीचा वास होता. ते पान केसांतून निघायला जितका वेळ लागायला हवा होता, त्यापेक्षा जरा जास्तच लागत होता...

"लॉकीऽऽ!" कुंपणापलीकडून हाक आली. "माझ्या पोत्यात काहीतरी हलतंय!"

तो हसला. मेपलचं ते पान त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं की खाली टाकलं, ते मला दिसलं नाही. तो पावसातच कुंपण ओलांडून गेला.

मत्सर एकदम येत नाही. पन्हळीत पान साचतं तसा साचतो. एक पान, मग दुसरं, आणि मग एका पावसात सगळं पाणी घरात.

चौथ्या आठवड्यातला शनिवार. दुपारी सगळं गाव फुटबॉलच्या मैदानावर होतं. बाबाही गेले होते, टॅम्सिनही, बेकरीचा स्टॉल लावायला. तिची तीन भरलेली पोती कुंपणाजवळ उभी होती. गाठी वेड्यावाकड्या.

मी मागच्या कोपऱ्यात अक्रोडाखाली गेले. एप्रनच्या ओच्यात पिवळी पानं भरली, काळी पडलेली, चिकट सालं भरली. कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. तिन्ही पोत्यांत हात घालून अगदी मधोमध ते सारलं आणि गाठी होत्या तशाच वेड्यावाकड्या बांधल्या.

माझा हिशेब सरळ होता. उद्या लॉकी नेहमीप्रमाणे पोती उघडणार. अक्रोड दिसणार. कपाळाला आठ्या पडणार. इतकं शिकवून काही उपयोग नाही म्हणणार आणि तिच्याकडे यायचं थांबवणार. बस, एवढंच. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

घरी येऊन हात धुतले तर बोटं तपकिरी. पुन्हा धुतले, लिंबू चोळलं, व्हिनेगर चोळलं, वज्रीने घासलं. आमच्या डोंगरातली शेंबडी पोरंसुद्धा जाणतात की अक्रोडाच्या ओल्या सालीचा डाग पंधरा दिवस जात नाही. आणि मी, वर्गात झाडांची नावं शिकवणारी बाई, हातमोजे न घालता गेले होते.

रविवारी मी सकाळपासून बागेचे हातमोजे घालून होते.

"टोस्ट खातानासुद्धा?" बाबांनी विचारलं.

"थंडी आहे."

"हं," बाबा म्हणाले, आणि मुरंब्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

लॉकी आला. माझी पोती घेतली. आज त्याला बोलायचं होतं बहुधा. गाडीला टेकून जरा वेळ उभा राहिला, पण मी हात पाठीमागे घेऊन "बरं, येते" म्हणाले आणि कुंपणाजवळच्या कॅमेलियाच्या झुडपाआड गेले. तिथून टॅम्सिनचं अंगण दिसायचं.

"चला," टॅम्सिन म्हणाली. "कर उपडी. आज सरडा नाही, शपथ."

लॉकीने पहिल्या पोत्याच्या गाठीला हात लावला... आणि काढून घेतला.

"नाही उघडत."

"का रे?"

"गेल्या वेळी तुझ्या तिन्ही पोत्यांत एक काडीसुद्धा निघाली नाही. आता तुला येतं. ज्याच्यावर विश्वास असतो त्याची पोती मी उघडत नाही."

"म्हणजे मी आता थियासारखी?" टॅम्सिनने टाळ्या वाजवल्या.

"थियाचं एकही पोतं मी आजवर उघडलेलं नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. झ्वारसाहेब म्हणतात, बघून घे. मी म्हणतो, तिचं काय बघायचं?"

झुडपाची फांदी माझ्या मोज्यात घट्ट आवळली गेली होती. चार मिनिटांचा अर्थ मला त्या क्षणी कळला. आणि त्याच क्षणी त्याने टॅम्सिनचं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

मी बोलायला हवं होतं. "थांब" हा एकच शब्द. तोंडापर्यंत आला होता. पण तो म्हटला असता तर लॉकीने विचारलं असतं, का? मग मला मोजे काढावे लागले असते. त्याचं ते "तिचं काय बघायचं" जेमतेम माझ्या कानांत शिरलं होतं, ते असं लगेच परत द्यायचं?

दुसरं पोतं गेलं. तिसरं गेलं. गाडी सुरू झाली, वळली, उताराला लागली. मी तशीच उभी.

मंगळवारी संध्याकाळी टॅम्सिन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आली. पायात चक्क बूट होते. डोळे सुजलेले. काखेत एक जाडजूड वही.

"थिया, मला सांग माझं काय चुकलं."

मी भांडी पुसत होते. मोजे घालून.

"झ्वारसाहेबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "माझ्या पोत्यांत अक्रोड निघालं. त्यांनी न बघता मशीनमध्ये घातलं, चुरा केला आणि सोमवारी सकाळी दोन वाफ्यांवर पसरला. सहाशे रोपं आहेत गं त्या वाफ्यांत. संध्याकाळी लॉकीला सालीचे काळे तुकडे दिसले. आता तो एकेका रोपाभोवतीचा चुरा हाताने काढतोय. साहेब म्हणाले, तुझ्याकडचं पान पुन्हा नको. आणि ते लॉकीलाही बोलले. न उघडता पोती आणलीस कशी, म्हणून."

तिने वही टेबलावर उघडली. पानापानावर एकेक वाळलेलं पान चिकटवलेलं होतं. खाली तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरांत नाव. एल्म. मेपल. ओक, थियाकडचं, वाऱ्याने आलेलं. शेवटच्या पानावर नुसतं एक लांबट पिवळं पान आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"हे माझ्या रिकाम्या पोत्याला आतून चिकटलेलं होतं, फोननंतर मी खाली गेले तेव्हा त्यांनी दाखवायला दिलं. माझ्या अंगणात हे झाडच नाहीये. वाऱ्याने आलं म्हणावं, तर बांधलेल्या पोत्यात कसं जाईल? मी प्रत्येक पान बघून भरलं होतं, थिया. एकेक." तिचा आवाज फुटला. "मी मठ्ठ आहे का?"

माझ्या वर्गात कुणी पोर रडत असं विचारतं तेव्हा मी खाली बसून त्याचे डोळे पुसते आणि म्हणते, नाही रे राजा. इथे डोळे पुसून भागणार नव्हतं. मी मोजे काढले आणि दोन्ही हात तिच्या वहीवर ठेवले.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं.

"का?"

"तो तुझ्याकडे तासभर थांबायचा. माझ्याकडे चार मिनिटं."

टॅम्सिनने वही मिटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती कधी नव्हे इतक्या हळू आवाजात बोलली. "मला आवडतो तो. खूप आवडतो. सरडा मी मुद्दाम पकडून ठेवला होता, दुसऱ्या वेळचा तरी. पण पानं निवडताना तो दर दोन मिनिटांनी कुंपणाकडे बघायचा. मी विचारलं, तिकडे काय आहे रे? तर म्हणाला, काही नाही, दाताळ्याचा आवाज ऐकतोय." तिने नाक पुसलं. "मूर्ख आहेस तू. मी नाही. तू."

"हो."

"मी इतक्यात माफ करणार नाही."

"नको करूस."

ती दारापर्यंत गेली, वळली. "शुक्रवारी माझी पन्हळ साफ करायला ये. पूर्ण. आणि उद्या सकाळी आधी नर्सरीत जा. मी शाळेत फोन करून तू आजारी आहेस म्हणून सांगणार नाहीये. तुझं तू सांग."

बुधवारी मी रजा घेतली आणि दरीत उतरले. धुकं अजून वर सरकलं नव्हतं. लॉकी वाफ्यात गुडघ्यांवर बसला होता. एक लाकडी चिमटा, एक बादली, आणि समोर करंगळीएवढ्या रोपांच्या संपणारच नाहीत अशा रांगा. मिस्टर झ्वार शेडच्या दारात उभे होते, उंच, वाकलेले, लोकरी टोपी घातलेले.

मी दोघांना ऐकू जाईल असं बोलले. "ते अक्रोड टॅम्सिनचं नाही. मी घातलं. शनिवारी. तिने सगळं नीट भरलं होतं. आणि रविवारी पोती जाताना मी बघत होते, तरी बोलले नाही."

मिस्टर झ्वारनी माझ्या हातांकडे पाहिलं. "बर्नी लीबेल्टची मुलगी," ते म्हणाले. जणू एखाद्या रोपावरची चिठ्ठी वाचावी तसं. मग आत गेले आणि आम्हाला त्यांनी फोन फिरवलेला ऐकू आला. "मिस टॅम्सिन? झ्वार बोलतोय. माझं चुकलं."

लॉकी उठला नाही. चिमट्याने एक काळा तुकडा उचलून बादलीत टाकला.

"का केलंस?"

तेच उत्तर होतं, पण त्याला सांगणं फार कठीण. "मला वाटलं, तुला ती... तू माझी पोती कधी उघडली नाहीस. मला वाटलं, तुला आत काय आहे ह्याची पर्वाच नाही."

त्याने चिमटा बादलीच्या कडेवर ठेवला. म्हणाला, "मी साहेबांशी भांडलो होतो तुझ्या पोत्यांवरून. ह्या डोंगरात एक तरी माणूस आहे, म्हटलं, ज्याचं काम मागून तपासावं लागत नाही." त्याने वर पाहिलं. ते राखाडी डोळे मला ओळखतच नव्हते. "आता काय म्हणू?"

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. मी विचारलं, "अजून चिमटा आहे का?"

"ती पलीकडची रांग," तो म्हणाला. "मुळांना धक्का लागू देऊ नकोस."

बुधवारी दिवसभर, गुरुवारी शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत, शुक्रवारी टॅम्सिनची पन्हळ साफ केल्यावर, शनिवारी पुन्हा. तो त्या टोकाकडून, मी ह्या टोकाकडून. गुरुवारी तो म्हणाला, "चिमटा असा धर." शुक्रवारी त्याने माझ्या बाजूला चहाचा कप ठेवला, स्वतः येऊन ठेवला, पण थांबला नाही. शनिवारी दुपारी आमच्या रांगा मधोमध भेटल्या. शेवटचं रोप दोघांच्या मध्ये होतं. आमचे हात एकदमच पुढे झाले.

"तू काढ," तो म्हणाला.

"तू."

तुकडा कुणी काढला ते आठवत नाही. त्याची मातकट बोटं माझ्या तपकिरी बोटांवर क्षणभर थांबली, एवढं आठवतं.

"किती गेली?" मी विचारलं.

"एकोणीस. बाकीची तग धरतील." मग हात झटकत, "तू फोन करून सांगू शकली असतीस. चिठ्ठी पाठवू शकली असतीस. गप्पही बसू शकली असतीस."

"टॅम्सिनने वही आणली होती."

"तिने सांगितलं मला. आणि हेही सांगितलं की तू मूर्ख आहेस."

"खरं आहे ते."

"आहेच," लॉकी म्हणाला. पण ह्या वेळी भुवयांखालचं आभाळ जरा फाकलं होतं.

"लॉकी," मी म्हणाले, कारण आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं, "तू मला फार आवडतोस. शिडी धरलीस त्या दिवसापासून. तू ह्यावर काही बोलायला हवंस असं नाही."

तो उठला. बादली उचलून शेडकडे गेला. मी चढण चढून घरी आले, आणि त्या रात्री बाबांनी न विचारता माझ्या ताटात दोनदा बटाटे वाढले.

रविवारी मी पोती भरून ठेवली होती. पाच. वाटलं, गाडी नेहमीची वेळ टाळेल, किंवा मिस्टर झ्वार दुसऱ्या कुणाला पाठवतील. पण दहाच्या सुमारास ती हिरवी यूट वळणावर आली. टॅम्सिनच्या फाटकापाशी थांबली. लॉकीने तिची पोती उचलली, एकही न उघडता. टॅम्सिनने माझ्याकडे बघून जीभ काढली. मंगळवारनंतर तिने माझ्याकडे बघून केलेली ही पहिली गोष्ट.

मग गाडी आमच्याकडे आली.

लॉकी उतरला. पोत्यांकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. गुडघ्यावर बसून पहिल्या पोत्याची गाठ सोडू लागला, सावकाश, एकेक फेरा. मग सगळं पोतं त्याने लॉनवर उपडं केलं. सकाळभर खपून भरलेली ओकची पानं पुन्हा गवतावर पसरली.

माझा चेहरा तापला. पण तक्रार करायला तोंड कुठे होतं?

"उघडून बघावंच लागणार आता," तो म्हणाला. "प्रत्येक पोतं. प्रत्येक रविवारी. पान न् पान."

"बरोबर आहे."

"वेळ लागेल."

"लागू दे."

"झ्वारसाहेबांना सांगून आलोय, दुपारपर्यंत येत नाही." त्याने टोपी काढून बाजूला ठेवली. "बस ना. एकट्याने किती निवडू?"

मी त्याच्यासमोर गवतावर बसले. पानं कोरडी होती, उन्हाने कोमट झालेली. व्हरांड्यात बाबांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते आत निघून गेले. आम्ही एकेक पान उचलत होतो, बघत होतो, पोत्यात टाकत होतो. मध्येच त्याचा हात माझ्या डागाळलेल्या हातावर आला आणि ह्या वेळी तिथेच राहिला.

"लॉकी," मी खाली बघतच म्हणाले, "स्वच्छ आहेत रे सगळी. शपथ."

"माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने त्याने पुढचं पोतं जवळ ओढलं.